वरचा आवाज नाही, माल परत

३ फेब्रुवारी, सोमवार

ज्याला चारचौघांत बहिरा ठरवलं, त्याला ऐकू येतं हे सिद्ध कसं करायचं? दिवसभर विचार केला. पदवीच्या तीन वर्षांत हे कुणी शिकवलं नाही.

आज नोकरीचा पहिला दिवस. घरातली पहिली पदवीधर कामाला निघाली म्हणून आईने नवी चप्पल घेऊन दिली. ती चावली. कंपनी तीच, जिने बाबांना काढलं. माझ्या जन्माच्या सात वर्षं आधी बाबा इथे ऐकणारे होते. रेकॉर्ड छापणाऱ्या प्रेसवर चार वर्षं काढल्यावर त्यांना शेजारच्या ऐकण्याच्या खोलीत बढती मिळाली. शंभरातली एक रेकॉर्ड वाजवायची. ठीक असेल तर सही, नसेल तर चिठ्ठी. मग कॅसेट आली, रेकॉर्ड खपेनात, प्रेस बंद पडले आणि बाबा कॅसेटी ऐकू लागले. दोन महिन्यांत त्यांनी बारा कॅसेटींचा माल अडवला. प्रत्येकावर एकच शेरा: वरचा आवाज नाही, माल परत.

कॅसेटमध्ये बारीक, उंच आवाज मरतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. लिहून देणारे बाबा एकटे. एक दिवस बाहेर ट्रक उभा असताना कॅसेट विभागाचा तरुण मॅनेजर सगळ्यांसमोर ओरडला, "आवाज आहे. ह्याचे कान गेलेत." त्याच महिन्यात बाबांची नोकरी गेली. गल्लीत मी अजून 'बहिऱ्याची' आहे.

तो मॅनेजर म्हणजे आताचे मोठे साहेब. मुलाखतीत त्यांनी माझं आडनाव वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "वडील कसे आहेत?" मी म्हटलं, "ठणठणीत. छान ऐकू येतं त्यांना." त्यांनी चष्मा परत लावला. नेमणुकीवर सही केली. घाबरले असणार.

काम असं: गोदामातल्या जुन्या टेप आणि कॅसेटी वाजवायच्या आणि कॉम्प्युटरवर त्यांच्या फायली करायच्या, म्हणजे लोकांना फोनवर ऐकता येतील. मी पहिल्याच पानावर लिहून ठेवते: धूळ पुसेन, पण एकाही आवाजात हात घालणार नाही. बाबांनी जे जपलं ते मी जपेन. आणि त्या माणसाला त्याचं वाक्य चारचौघांत परत घ्यायला लावीन.

६ फेब्रुवारी, गुरुवार

माझ्या खोलीत कपाटकाका असतात. सगळ्या कपाटांच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला, म्हणून हे नाव. बाबांच्या वेळचे तेवढे एकच उरलेत. मला 'पदवीधर' म्हणून हाक मारतात.

आज त्यांनी एकच गाणं मला तीन तऱ्हांनी ऐकवलं. आधी रेकॉर्ड: गाणारी बाई खोलीत येऊन बसल्यासारखी वाटली. मग कॅसेट: तीच बाई, मध्ये जाड पडदा. मग फोनवर जाणारी फाईल: स्वच्छ पुसलेली, सगळं एकाच उंचीवर, कुणी श्वाससुद्धा घेत नाही.

काका हसायला लागले. "पदवीधर, तुझा चेहरा आरशात बघ. रेकॉर्ड लागली की डोळे मिटतेस. कॅसेट लागली की मान वाकडी. आणि फाईल लागली की लिंबू चोखल्यासारखं तोंड."

"वाईटच आहे ती."

"खपते तीच."

कॉम्प्युटरवर आवाजाचं चित्र दिसतं. जाड आवाज खाली, मधले मध्ये, झांजेसारखे बारीक आवाज अगदी वर. रेकॉर्डचं चित्र वरपर्यंत भरलेलं. कान नसलेल्यालाही दिसेल.

९ फेब्रुवारी, रविवार

दिवसभर घरी. बाबांचं पंखे आणि मिक्सर दुरुस्तीचं दुकान समोरच्या खोलीत. यंत्र चालू करून त्यावर बोटं ठेवतात आणि दोष सांगतात, इतका हात तयार झालाय. फोन घेत नाहीत. चांगल्या कानाला फोनचा चरचरीत आवाज सोसत नाही, मी समजू शकते. मी मागून दोनदा हाक मारली, वळले नाहीत. त्या कंपनीत नोकरी धरली म्हणून अजून घुश्शात आहेत. आईने टेबलावर टकटक केलं तेव्हा वर पाहिलं. आईची ही टकटकीची सवय मला लहानपणापासून आवडत नाही. नवऱ्याला नीट हाक मारावी माणसाने.

मी समोर बसून त्यांना आवाजाच्या चित्राबद्दल सांगितलं. त्यांनी पाना खाली ठेवला.

"म्हणजे वरचा आवाज नसेल तर ते दिसतं?"

"स्पष्ट दिसतं, बाबा. वर काळोख दिसतो."

"तेव्हा हवं होतं हे," म्हणाले, आणि बराच वेळ पंख्याचं पातं फडक्याने पुसत राहिले. ते आधीच स्वच्छ होतं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

सापडल्या. मागच्या कपाटात तळाला, पुठ्ठ्याच्या खोक्यात बाराच्या बारा नमुना कॅसेटी, प्रत्येकीला टाचलेली चिठ्ठी. बाबांचं अक्षर, सरळ, एकाही शब्दाची खाडाखोड नाही. वरचा आवाज नाही, माल परत. खाली दुसऱ्या कुणीतरी लाल शाईत लिहून सही केलीय: पाठवा. ती सही मी नेमणुकीच्या कागदावर पाहिली आहे.

एकाच गायिकेची ही शेवटची ध्वनिमुद्रणं आहेत. काका म्हणाले, "ह्यांच्या मूळ मोठ्या टेप कॅसेटच्या धांदलीत पुसल्या. टेप महाग, गाणं स्वस्त. त्याच टेपवर दुसरं भरलं. बाजारात गेलेल्या कॅसेटी कधीच्याच झिजल्या. जे आहे ते हेच."

"आणि ह्या?"

"एक मार्चला गोदाम रिकामं होतंय. फाईल झाली की माल भंगारच्या ट्रकमध्ये."

मी अजून एकही वाजवलेली नाही. पुरावा आहे, शेवटी वापरायचा. चिठ्ठ्या मात्र चार वेळा वाचल्या.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

काकांना पटवून बाबांचा जुना कागद बघितला. काढण्याचं कारण: 'विभागातील कपात'. कानांचा उल्लेखच नाही. डॉक्टरचा अहवाल जोडल्याची नोंद आहे, पण अहवाल कुणीतरी काढून घेतलाय. म्हणजे तोंडाने बहिरा म्हणायचं आणि लेखी द्यायची हिंमत नाही. कपातीमुळे गेला म्हणजे कंपनीचे हात स्वच्छ. भित्रा माणूस.

काका म्हणाले, "असं लिहिलं म्हणून तुझ्या बाबांना तेव्हा दुसरीकडे कामावर घेतलं गेलं असतं."

मी म्हटलं, "काका, तुम्ही कुणाच्या बाजूचे?"

ते किल्ल्या मोजत बसले.

१७ फेब्रुवारी, सोमवार

साहेबांची मीटिंग. कंपनी जुन्या गाण्यांच्या रेकॉर्ड पुन्हा छापून घेतेय, बाहेरच्या कारखान्यात. रविवारी प्रकाशन, शंभरेक निमंत्रित.

साहेब म्हणाले, "रेकॉर्ड कपाटात मावायची, कॅसेट खिशात मावली, आता खिसाही लागत नाही. विक्री नेहमी जागेवर ठरली, कानावर कधीच नाही. आता घेणाऱ्यांत निम्म्यांकडे रेकॉर्ड वाजवायचं यंत्र नाही. भिंतीवर लावतात."

"आणि ऐकतात कशावर?" मी विचारलं.

"फोनवर. पहिली दहा सेकंदं. आवडलं नाही तर पुढचं. कॅसेट असताना पुढे पळवायचा कंटाळा यायचा, म्हणून लोक नावडतं गाणंही ऐकायचे. त्यातली कितीतरी नंतर आवडायची." ते खरंच वाईट वाटल्यासारखं बोलले. नाटकी.

मग मी माझं जाळं टाकलं. पडद्यामागे रेकॉर्ड, कॅसेट आणि फाईल वाजवायची, आणि दोन जाणकारांनी ओळखायचं. एक साहेब. दुसरे कंपनीचे जुने ऐकणारे, माझे वडील.

साहेबांनी मला विचारलं, "वडिलांना विचारलंस?"

"ते तयार आहेत," मी थाप मारली.

"घरी नीट विचार, मुली."

बघा कसा पाय काढत होता.

१९ फेब्रुवारी, बुधवार

घरात महाभारत. आई म्हणाली, "माणूस सुखाने चार घास खातोय, त्याला कशाला चौकात उभा करतेस?"

"त्यांना चौकातच बहिरं म्हटलं होतं."

"म्हटलं होतं आणि विसरले लोक."

"मी नाही विसरले."

"तू जन्मलीही नव्हतीस," आई म्हणाली, आणि भांडी इतकी जोरात लावली की मला कानांवर हात ठेवावे लागले. बाबा शांतपणे जेवत होते.

जेवणानंतर मी त्यांच्यासमोर बसून सगळं सांगितलं: साहेब, पडदा, शंभर माणसं. बाबांचा रंग उतरला. "नको, बाळ." मी म्हटलं, "तुम्ही नाही आलात तर त्याचंच खरं ठरेल." ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "वाजवून दाखव."

फोनवर तिन्ही नमुने वाजवले, एकदा, दोनदा, पाच वेळा. बाबा स्पीकरकडे बघतही नव्हते, माझ्याकडे बघत होते. सहाव्या वेळी तिन्ही बरोबर सांगितले. सातव्या वेळीही.

"येतो," म्हणाले. "पण तू माझ्यासमोर उभी राहायचं. नजरेसमोर."

धीर येतो त्यांना माझ्यामुळे. आई उठून आत गेली.

२३ फेब्रुवारी, रविवार

झालं. नीट लिहायचंय.

मोठा हॉल, खुर्च्या भरलेल्या, भिंतीवर नव्या रेकॉर्डची कव्हरं. पडद्यामागे कपाटकाका. नमुन्यांचा क्रम मला आणि त्यांनाच ठाऊक. मी पडद्याच्या बाजूला माईक घेऊन. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून तिसऱ्या रांगेत दारापाशी बसले होते. साहेबांनी त्यांना पाहिलं, मग मला, मग पुन्हा त्यांना. उठून म्हणाले, "ह्यांची खुर्ची इथे पुढे आणा. हिच्या अगदी समोर. उजेडात." सगळ्यांनी त्यांची फजिती नीट बघावी म्हणून. इतका क्षुद्र माणूस.

पहिला नमुना फाईल. उत्तर चुकून निघू नये म्हणून मी ओठ गच्च आवळून उभी होते. साहेब म्हणाले, "रेकॉर्ड." बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "फाईल."

दुसरा, रेकॉर्ड. माझे डोळे आपोआप मिटले. उघडले तेव्हा बाबा म्हणत होते, "रेकॉर्ड ही." साहेबांनी कॅसेट सांगितलं होतं.

तिसऱ्याला साहेब खांदे उडवून म्हणाले, "मग राहिली ती फाईल." बाबा हसले. "कॅसेट. मान मोडली तरी ओळखेन."

टाळ्या. लोक उभे राहिले. साहेबांनी माईक मागितला आणि म्हणाले, "ह्यांचे कान गेले असं मी एकदा ओरडलो होतो. अशाच चारचौघांत. चूक माझी होती." बाबांच्या दिशेने तोंड करून, प्रत्येक शब्द सावकाश उच्चारत. बाबांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला.

घरी येताना बाबा वाटेवरच्या सगळ्यांना आपणहून नमस्कार करत होते.

२४ फेब्रुवारी, सोमवार

मला बरं वाटायला हवं होतं. वाटत नाही. तीस वर्षं आणि एक वाक्य? वर लोक साहेबांचंच कौतुक करतायत, किती मोठं मन. त्याला टाळ्या मिळाल्या. सूड असा असतो का, ज्यात समोरचा मोठा होतो?

पुरावा आहेच. बारा चिठ्ठ्या, लाल शाईतलं 'पाठवा', आणि शेजारी आवाजाचं चित्र, वर काळोख. सगळं जगासमोर ठेवीन. खराब माल ठाऊक असताना विकला. नावानिशी.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "ते चित्र मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय." साहेबांनी त्यांना शनिवारी कंपनी बघायला बोलावलंच आहे. तेव्हा दाखवीन.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आज पहिली कॅसेट वाजवली.

झांज होती. लखलखीत. गायिकेच्या 'स'ची धार होती, श्वास होता, तंबोऱ्याच्या वरची ती बारीक किणकिण होती. मान वाकडी करायला विसरले. चित्र बघितलं. वरपर्यंत भरलेलं.

दुसरी. तिसरी. बाराही.

काका डबा उघडून जेवायला बसले होते. मी म्हटलं, "काका, ह्या खराब नाहीत."

"नव्हत्याच कधी. त्या तुकडीची टेप खास चांगली होती." ते जेवणाकडे बघत बोलत होते. "पदवीधर, तू इतके दिवस ऐकलं नव्हतंस?"

नव्हतं. मी चिठ्ठी वाचली होती.

२६ फेब्रुवारी, बुधवार

बाबा पंखा दुरुस्त करत होते. त्यांच्या पाठीमागे उभं राहून फोनवर बारीक शिटीचा आवाज लावला. मोठा केला. आणखी मोठा. शेजारचं मूल रडायला लागलं. बाबांनी स्क्रू फिरवला.

आईने येऊन माझ्या हातातला फोन बंद केला आणि मला स्वयंपाकघरात नेलं.

"कळलं ना? आता गप्प राहायचं."

"कधीपासून?"

"लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून. प्रेसच्या आवाजाने. आधी बारीक आवाज गेले, मग एकेक. मी टेबल बडवते ते काय हौस म्हणून?"

"मग त्या चिठ्ठ्या..."

"त्यांना अजून वाटतं की कॅसेटीच वाईट होत्या. कान नंतर गेले, अपमानाने गेले, असं म्हणतात. बारा वेळा खरं लिहिलं म्हणून शिक्षा झाली, एवढ्यावर हा माणूस उभा आहे. ते काढून घेऊ नकोस."

रविवारी तिन्ही बरोबर कसे आले मग? तीन नमुन्यांच्या सहा मांडण्या होतात, म्हणजे सहांतली एक संधी. लागला असेल अंदाज.

आणि साहेब? डॉक्टरचा अहवाल वाचून साहेबांना सगळं ठाऊक होतं तर ते ट्रकपाशी ओरडले कशाला? कोपऱ्यात घेऊन सांगता आलं असतं. मी खूप प्रयत्न केला, पण माझा राग कमी होत नाही. प्रेसच्या शेजारी ऐकण्याची खोली बांधली कुणी? चार वर्षं प्रेसवर उभं केलं कुणी? कान ह्यांनी नेले आणि वर तेच ओरडले.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

बाबांनी शनिवारसाठी शर्ट काढून ठेवला. मला म्हणाले, "वरचा काळोख मला बोटाने दाखव हं. कुठून सुरू होतो ते." मी हो म्हटलं. समोर उभं राहून.

१ मार्च, शनिवार

काल सकाळी मी कामावर लवकर गेले. बाराही फायली उघडल्या. चित्रावर एक आडवी रेघ ओढली आणि तिच्या वरचं सगळं कापून टाकलं: झांज, श्वास, किणकिण. एकेका फाईलला तीन मिनिटं लागली. एकदा हेडफोन लावून ऐकलं. गायिका रजईत तोंड खुपसून गातेय असं वाटलं. तोंड लिंबासारखं झालं असेल, पण काका तेव्हा आले नव्हते.

प्रत्येक फाईलला ध्वनिमुद्रणाचा तपशील जोडावा लागतो. चिठ्ठीतला शेरा लिहिला: तपासणारे, बाबांचं नाव, वरचा आवाज नाही, माल परत. पुढे: आदेश 'पाठवा', मोठ्या साहेबांचं पूर्ण नाव. दुपारी फायली चढवल्या. आता जो कुणी फोनवर ही गाणी ऐकेल आणि म्हणेल की इतक्या चांगल्या गळ्याची माती कुणी केली, त्याला उत्तर तिथेच मिळेल. साहेबांना जे खरं ठाऊक आहे ते सिद्ध करायला त्यांच्याकडे एकही कॅसेट उरणार नाही.

आज अकराला भंगारचा ट्रक आला. खोकं मी स्वतः उचलून दिलं. चिठ्ठ्या आधी काढून घेतल्या.

काका दारात उभे होते. त्यांनी खोक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "झाल्या फायली? ऐकल्यास नीट?"

"ऐकल्या."

"मग ठीक," म्हणाले. ते अजून कॉम्प्युटरपाशी गेले नव्हते.

साडेअकराला बाबा आले, साहेबांच्या बरोबर. मी पडद्यावर चित्र लावलं. बाबांनी खिशातून चष्मा काढला, वाकले आणि काचेवर बोट टेकवून खालून वर नेलं. रेघेपाशी बोट थांबलं. त्याच्या वर नुसतं काळं होतं.

"बघा, साहेब," बाबा म्हणाले. आवाजात राग नव्हता. "इथून वर काही नाही."

साहेब बराच वेळ त्या सरळ रेघेकडे बघत राहिले. कॅसेटमधला आवाज इतका सरळ कधीच मरत नाही, हे त्यांना कळतं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर हलवली नाही.

"हो," ते बाबांकडे वळून सावकाश म्हणाले. "काही नाही."

ट्रक तोवर फाटकाबाहेर गेला होता.